मुखरूची हाळी

रानडुकरं पळवणाऱ्या भोंग्याचे दोन प्रकार काढायचे, ही कल्पना दिव्यानीचीच. पहिल्या वर्षी कुत्र्याच्या भुंकण्याचा स्वस्त भोंगा, दुसऱ्या वर्षी धान लोंबीवर आलं की माणसाच्या हाळीचा महाग. आतली चिप दोन्हींत एकच. स्वस्त भोंग्यातली हाळी तिनं नुसती बंद करून ठेवली होती. "आधीच सगळं देऊन टाकलं तर दुसरा घेईल कोण?" असं ती भागीदार संघपालला म्हणाली होती.

हाळी पोंभुर्ण्याकडच्या मुखरू या शेतकऱ्याची. त्याच्याच धानाच्या बांधीत उभं राहून तिनं ती रेकॉर्ड केली होती. पुढं उन्हाळ्यात तो तापानं गेला.

महाग भोंगा बाजारात यायला आठवडा उरला, तेव्हा त्याच्या बायकोचा, गुणाबाईचा फोन आला.

"बाई, तुमच्या कुत्र्याच्या डब्यातून आमचा बुढा बोलून राह्यला."

बंद केलेली हाळी कशी तरी सुरू झाली असणार, असं धरून दिव्यानी चंद्रपूरहून निघाली. बांधीवर पोचली तेव्हा दिवस मावळत होता, गुणाबाई तिथं वाट बघत उभी होती. तिनं डबा उघडला, बॅटरी काढून पिशवीत टाकली.

"आता नाई वाजत."

धानात वारा नव्हता. रातकिडेही एकाएकी थांबले. आणि तिच्या हातातल्या उघड्या डब्यातून आवाज आला, "गुणा, पुढं येऊ नको. घरी जा."

रेकॉर्डिंगमध्ये फक्त "हो हो हट्ट" होतं. दिव्यानीनं पिशवीत हात घालून बॅटरी चाचपली. गुणाबाईनं मात्र पदर सारखा केला.

"चाल बाई," ती म्हणाली, आणि मागं न बघता गावाकडं निघाली.

सकाळी पलीकडच्या धुऱ्याच्या बांधापाशी, चिखलात, वाघाची पावलं सापडली. तो बराच वेळ बसला होता, तिथलं गवत दबलं होतं.

संघपाल ऐकून हरखला. "वाघाची खबर देणारा तिसरा प्रकार काढू! लोक तुटून पडतील."

त्याच दुपारी दिव्यानीनं मुखरूचा आवाज सगळीकडून पुसून टाकला. लोंब्या भरल्या, कापणी झाली, हंगाम हातचा गेला. महाग भोंगा पुढच्या वर्षी संघपालच्या आवाजात आला, बरा खपला.

तेव्हा ती नवा भोंगा घेऊन गुणाबाईकडं गेली. जुना डबा परत द्यायला गुणाबाई तयार होईना.

"त्यात बॅटरीबी नाई. कायले ठेवता?"

"बोलते का नाई बोलत," गुणाबाई म्हणाली, "ते मी कंपनीले काऊन सांगू?"

आणि तिनं दार लोटून घेतलं.