दादाच्या माशाला जोडीदार

मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडता येत नाही. जिवंतांना दिलेले मी बरेच मोडले आहेत. ते चार दिवस बोलत नाहीत, इतकंच.

माझा थोरला भाऊ श्याऐंशी साली गेला. दहाव्याला वाशीच्या खाडीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. वहिनींना अंतर देणार नाही, म्हणालो. कावळ्याने मान वळवली. बहिणींना दिवाळीला बोलावीन, म्हणालो. तो एक फांदी वर सरकला. गुरुजींना पुढे नेरूळला दुसरा दहावा होता. शेवटी वैतागून ओरडलो, "बरं दादा, तुझ्या माशाला एकटं ठेवणार नाही! जोडीदार आणतो!"

कावळा झेपावला आणि पिंड घेऊन गेला.

मासा म्हणजे ऑस्कर जातीचा. वीतभर लांब, काळा, अंगावर निखाऱ्यासारखे ठिपके, चार फुटी टाकीत एकटा. दादा ऑफिसातून आला की टाकीसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसायचा. आता सहाच्या सुमारास मासा काचेशी येई आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राही. मी तिथे बसलो की तळाशी जाऊन आडवा पडे आणि एका डोळ्याने माझ्यावर नजर ठेवी. दादाचा जीव माझ्या शब्दात अडकलाय वगैरे मी मानत नाही. त्या खुर्चीत बसणं मात्र सोडलं.

पहिल्यांदा दोन गोल्डफिश आणले. सोडले, वळून चप्पल काढली, तेवढ्यात एकच शेपूट उरलं होतं, तेही ऑस्करच्या तोंडाबाहेर.

मग बोनकोड्याच्या हिरामणला घरी बोलावलं. भातशेती सिडकोने घेतल्यावर त्याने बस डेपोजवळ शोभेच्या माशांचं दुकान टाकलं होतं.

"तोंडान मावल ते सगला खानार तो," टाकीत वाकून तो म्हणाला. "दुसरा, याच्यासारका भांडखोर नको. टाकी कोनाची, यावरून मारामारी व्हनार. मोटा पायजे, गरीब पायजे, न कातडी जाड पायजे."

"माझी निवड अशीच झाली होती," वहिनी चहा ठेवत म्हणाल्या. "सतरा वर्षं टिकले. तोंडात मावले नाही म्हणून."

"वहिनी!"

"काय वहिनी? गेले म्हणून गोड थोडेच झाले?"

हिरामणने गावच्या तळ्यातला हातभर मागूर आणून दिला. "याला कोन काय करनार?" कोणी काही केलं नाही. मागूरच सकाळी टाकीत नव्हता. झाकण बाजूला सरकलेलं, फरशीवर ओला पट्टा, आणि पट्ट्याच्या शेवटी, वेताच्या खुर्चीखाली, तो जिवंत, मिशा हलवत. वहिनींनी हात जोडले. मीही जोडले, नुसतं उभं राहणं बरं दिसेना.

"मागूर चालतो," हिरामण शांतपणे म्हणाला. "पावसान बांध वलांडून जातो. तुमाला ठाव नाय?"

"मग खुर्चीखालीच का?"

"साहेब, तिथं सावली हाय."

मला ते पटलं. तरी त्या दिवसापासून फरशी पुसल्याचा आवाज आला, की माझे पाय आपोआप वर जात.

शेवटी त्याने सकर आणला. काच चाटणारा, फूटभर, अंगभर चिलखत, चेहरा रिटायर झालेल्या हेडक्लार्कचा. ऑस्करने त्याला दोन ढुशा दिल्या. सकर हललाच नाही. तिसऱ्या दिवशी दोघे एकाच दगडाआड शेजारी होते. त्या संध्याकाळी ऑस्करने खुर्चीकडे पाहिलं नाही. माझ्या हातून खाल्लं.

मी वेताच्या खुर्चीत बसलो. "दादा," मोठ्याने म्हणालो, "शब्द पाळला. आता जा बाबा."

वहिनी दारात उभ्या होत्या.

"भावजी, एक सांगू? रागवू नका. तुम्ही इतकं मनावर घेतलंत, म्हणून इतके दिवस बोलले नाही."

"काय?"

"यांचा मासा, हे हॉस्पिटलात असतानाच मेला. यांना सांगवेना. घरी यायच्या आत तसाच दुसरा हवा, म्हणून मी क्रॉफर्ड मार्केटातून हा आणला."

मी टाकीकडे बघितलं. सकर काच चाटत होता.

दादाने हा मासा कधी पाहिलेलाच नव्हता.