बक्षिसाची गाडी

सायरन कोकलत होता आणि शेषेराव चावी हातात धरून मोटरसायकलजवळ अवघडून उभे होते.

"म्या काईच केलं न्हाई," ते आजूबाजूच्यांना सांगत होते.

लातूरच्या एका मोठ्या क्लासच्या पटांगणात सत्कार चालला होता. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत शेषेरावांची शिल्पा पहिली आली, म्हणून बापाला नवीकोरी गाडी. पण गाडीचा रिमोट क्लासच्या ड्रायव्हरच्या खिशात राहिला होता आणि ड्रायव्हर पाहुण्यांना सोडायला नांदेडला गेला होता.

"लालभाई, बघा जरा!" क्लासचे मालक विरूपाक्ष सर माइकवरूनच ओरडले.

लालमहंमद गाड्यांच्या आणि इमारतींच्या वायरिंगची कामं करायचा. कालच त्याने या गाडीला चोरघंटा बसवली होती. रिमोट नसला तर घंटा बंद करायला एक गुप्त नंबर ठेवावा लागतो. सरांनी तो हसत सांगितला होता: तीन, नऊ, नऊ, तीन. भूकंपाची तारीख, शून्य गाळून.

"त्याच तारखेनं आपल्याला उभं केलं, लालभाई. भूकंपवाल्यांच्या पत्र्याच्या शेडचं काम भेटलं, त्याच्यावर हा क्लास झाला."

लालमहंमद विशीत असताना ट्रकमधून किल्लारीकडे गेला होता, ढिगाऱ्याखालची माणसं काढायला. तरी मान खाली घालून त्याने नंबर ठेवला होता.

आता सीट उचलून तो म्हणाला, "मामा, शिकून घ्या. चावी फिरवायची, हे बटण आकड्याइतक्या वेळा दाबायचं. दिवा लुकलुकला की फुडचा आकडा."

"आकडा कोणता?"

लालमहंमद वायरी चाचपू लागला. सरांनीच सांगितलं, "तीस सप्टेंबर त्र्याण्णव!"

शेषेराव सरांकडे वळले. "त्या पहाटं माझी माय गेली, सर. थोरला पोरगाबी."

"अरे, मग तर पक्कं ध्यानात ऱ्हाईल! इसरायची भीतीच न्हाई." सरांनी फोटोवाल्याला हाताने पुढे बोलावलं. पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हसलेसुद्धा.

लालमहंमदने शेषेरावांना चावी फिरवायला लावली आणि भराभर बटण दाबून सायरन बंद केला. "मामा, दुसरा नंबर ठेवून देतो. पोरीची जन्मतारीख सांगा."

"नको. तिची तारीख ह्या गाडीत कशाला घालायची?"

शेषेरावांनी चावी काढून सीटवर ठेवली. शेजारी उभ्या शिल्पाने क्लासच्या नावाचा पट्टा गळ्यातून काढला, घडी केली आणि हँडलवर टाकला.

"अहो, फोटो तरी होऊ द्या! जाहिरातीचे बोर्ड छापायचेत!" सर म्हणाले. बापलेक थांबले नाहीत. लालमहंमदही हत्यारं गोळा करू लागला, तसे सर त्याच्या कानाशी आले. "नव्या होस्टेलचं सगळं वायरिंग तुम्हालाच द्यायचं ठरलंय, लालभाई."

"कोणालाबी द्या, सर. मला शिसारी येऊन राहिलीय."

स्टँडवर किल्लारीकडची एसटी अजून लागली नव्हती. लालमहंमद बापलेकीच्या बाकाजवळ जाऊन उभा राहिला.

"मीबी होतो तिकडं, मामा. मढी काढायला."

"कोण्या गावात?"

"नाव ठाऊक न्हाई. सांगायलाच कोणी भेटलं न्हाई."

शेषेरावांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकून त्याला जागा करून दिली.