घोड्याच्या सात पिढ्या आणि एक रकाना

डेटाबेसमध्ये कुठली गोष्ट कसल्या रकान्यात ठेवायची, हा प्रश्न किर्गिझस्तानातल्या नारीन गावच्या आमच्या कचेरीत अकरा वर्षं माझ्याकडे यायचा. त्या सोमवारी आमचे साहेब, मार्लेन बाइके, यांनी तो नव्या बेगायिमला विचारला.

बेगायिम सव्वीस वर्षांची, बिश्केकला शिकलेली. दातसुद्धा सरळ.

डोंगरातल्या कुरणांवरच्या घोड्यांना आम्ही पट्टे बांधतो. घोडा कुठे आहे, पट्ट्याची बॅटरी किती, हे दर दहा सेकंदांनी कळतं.

“सगळं एकाच जेसन रकान्यात,” ती म्हणाली. “एक घोडा, एक गाठोडं. उद्या काही नवीन नोंदवायचं झालं तरी टेबलाला हात लावायला नको.”

“वा! याला म्हणतात डोकं!” बाइके म्हणाले. मला ते इतकी वर्षं नुसतं ‘चालेल’ म्हणतात.

“सारखं बदलणारं वेगळं ठेवावं,” मी म्हटलं. “छोट्या टेबलात, साध्या आकड्यांच्या रकान्यांत.”

“उलकान एजे, ते फार जुनं झालं हो!” अगदी लाडानं म्हणाली. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तिचं ते ‘एजे’ मला दर वेळी दहा वर्षांनी म्हातारं करतं.

दुसऱ्या दिवशी मी चहासुद्धा न घेता चाचणी लिहिली. दोनशे घोडे, दोन्ही पद्धती, चार तास. खोटं कशाला बोलू, मला नुसता तिचा रकाना पडायला नको होता. तिचं तोंडही पडायला हवं होतं.

तिचं टेबल माझ्या टेबलाच्या अकरापट फुगलं. तिनं दिलेलं गाठोडं उघडून पाहिलं, तर पोरीनं प्रत्येक घोड्याची सात पिढ्यांची वंशावळ आत भरलेली, रंग आणि डागांसकट. चांगल्या घरची आहे. बापाकडच्या सात पिढ्या सांगितल्याशिवाय आम्हा किर्गिझांत ओळख पुरी होत नाही.

मी दोघांना बोलावलं. “आतला एक आकडा बदलला तरी गाठोडं पहिल्यापासून लिहिलं जातं, आणि जुनी प्रत तिथंच पडून राहते. म्हणजे घोडा गवताकडे दोन पावलं सरकला, की सर्व्हर त्याच्या सात पिढ्या नव्यानं उतरवतो.”

आणि मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

ती हसत सुटली. “अगं आई गं! बिचाऱ्याला मी दर दहा सेकंदांनी आजोबा मोजायला लावले! हरले एजे, तुमचंच ठेवू या.” मग डोळे पुसत म्हणाली, “पण वंशावळ गाठोड्यातच राहू दे ना. ती कुठे बदलते?”

बरोबर होतं. मला ते सुचलं नव्हतं. मागे एकदा मी चुकले होते तेव्हा तीन दिवस कुणाशी बोलले नव्हते, आणि हिला हरणंही इतकं सोपं!

“ठरलं,” बाइके म्हणाले. “दोघींचं मिळून छान झालं.”

दोघींचं.

बेगायिमनं खुर्ची माझ्या शेजारी ओढली. “एजे, चाचणी कशी लिहिलीत, दाखवा ना.”

मी स्क्रीन तिच्याकडे वळवला. अर्धाच.