सोमेश्वर आत आहेत

जालन्यातल्या त्या बियाणांच्या गोदामात सुरेखा वडिलांच्या खुर्चीवर बसली होती, तीही नाइलाजानं. समोर नवा कोरा कॉम्प्युटर. कोणत्या लॉटची उगवण तपासून झाली आणि तो कुठं रचलाय, हे सगळं मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर होतं, वडिलांनी वर्षानुवर्षं भरलेलं. ते दाखवणारा प्रोग्राम मात्र जुना, आणि नवा कॉम्प्युटर त्याला दारातही उभं करीना. बाहेर जाफराबादचा टेम्पो सकाळपासून थांबला होता. यादीशिवाय एक पोतं हलणार नव्हतं.

"ताई, नवीन व्हर्जन टाका ना सरळ," गोदाम सांभाळणारा हरिओम म्हणाला.

"टाकलं होतं. सर्व्हर त्याला ओळख देत न्हाई."

"सर्व्हरबी काकांवरच गेलाय मंग."

वडिलांना तो काकाच म्हणायचा. तिला हसू आलं, आणि आल्याचं वाईट वाटलं.

तिनं नवं काढून टाकलं, जुनं वेगळ्या फोल्डरमध्ये बसवलं, त्याच्यापुरतं जुन्या काळासारखं वागायला कॉम्प्युटरला सांगितलं. राखाडी चौकट उघडली. नाव एकच चालायचं, वडिलांचं. पासवर्ड हरिओमला पाठ होता.

पडद्यावर इंग्रजीत उमटलं: सोमेश्वर आत आहेत. एका वेळी एकालाच प्रवेश. त्यांना बाहेर काढायचं?

सुरेखाचा हात माउसवरच राहिला. मार्चमध्ये वडील याच खुर्चीत कलंडले, तेव्हा धावपळीत कुणीतरी जुन्या कॉम्प्युटरची वायर ओढली होती. तो पुन्हा सुरूच झाला नाही. सर्व्हरला हे कुणी कळवलं नव्हतं. तेरावं झालं, आईनं कपडे वाटून टाकले, रेशनकार्डावरून नाव कमी झालं. इथं बंद दाराआड सर्व्हर मात्र घरघरत त्यांची जागा धरून बसला होता.

"काय म्हणतंय?"

"बाबा आत आहेत म्हणतंय."

हरिओम दारात जाऊन, तिच्याकडं पाठ करून उभा राहिला.

तिनं 'नाही' दाबलं. चौकट मिटली. तिनं ती पुन्हा उघडली. सोमेश्वर आत आहेत.

मग तिनं 'हो' दाबलं. मागच्या खोलीतल्या सर्व्हरच्या पंख्याचा आवाज क्षणभर चढला आणि उतरला. यादी उघडली. वर कोपऱ्यात आजची तारीख, आणि आत आलेल्याचं नाव: सोमेश्वर.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मान न वळवता, सवयीनं हरिओमनं विचारलं, "काका, जाफराबादला कुठला माल काढू?"

विचारलं आणि तो तसाच थिजला.

सुरेखानं यादी खाली सरकवली.

"मागच्या भिंतीचा," ती म्हणाली. "जल्दी कर रे, हरिओम. टेम्पो थांबलाय."