तेलपट्टीची साक्ष

मी तेलपट्टी बोलतेय. इंजिनच्या तेलाची नव्हे. ती माझी थोरली बहीण, पुढेच बसते आणि जो तो तिलाच आधी बाहेर ओढतो. मी गिअरबॉक्सच्या तेलाची. इंजिनमागच्या अंधाऱ्या नळीत एकवीस वर्षं उभी आहे. अंगानं सडपातळ, डोक्याला पिवळी कडी, पायाशी दोन खुणा. तेल वरच्या खुणेला लागलं की सगळं ठीक, खालच्या खुणेच्याही खाली गेलं की धोका. मला एवढंच बोलता येतं, पण बोलते ते खरं.

आमची गाडी आपले गिअर आपणच बदलते. तिला क्लच नाही, त्यामुळे डाव्या पायाला काम नाही. मालकिणीनं ती घेतली ती याचसाठी. लहानपणीच्या अपघातानंतर तिचा डावा गुडघा वाकत नाही. ती परिचारिका आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन जखमा धुते, पट्ट्या बदलते. दिवसाला सात-आठ घरं होतात. गाडी नसती तर तिचं काम एका दिवसात बंद पडलं असतं.

तिचे बाबा निवृत्त बसचालक. एकतीस वर्षांत आपली बस तेलावाचून एकदाही थांबली नाही, हे ते नव्या ओळखीच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. दर रविवारी सकाळी, गाडी गार असताना, ते बॉनेट उघडायचे. आधी बहिणीला तपासायचे, मग मला. जुन्या बनियनच्या तुकड्यानं इतक्या मायेनं पुसायचे की मला रागावताही यायचं नाही. मग मला उजेडात धरून निकाल द्यायचे, "काठोकाठ."

घोटाळा इथंच होता. माझी रीत बहिणीहून वेगळी आहे. इंजिन बंद असलं की वरचं तेल निथळून खाली येतं आणि मी वरच्या खुणेपर्यंत भिजते. इंजिन चालू झालं की पंप ते तेल वर ओढून घेतो, आणि मग खरी पातळी कळते. हे माझ्या अंगावर बारीक अक्षरांत कोरलेलंही आहे. पण ज्यानं एकतीस वर्षं तेल तपासलं, तो पट्टीवरची अक्षरं कशाला वाचेल?

गेल्या वर्षी गाडी अडखळू लागली. गिअर टाकला तरी जागची हलायची नाही, मग एकदम हिसका देऊन सुटायची. चढावर इंजिन नुसतंच ओरडायचं. एकदा पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर ती चक्क मागे घसरली. मालकिणीनं वेळीच ब्रेक दाबला म्हणून निभावलं. घरी येऊन तिनं सांगितलं, तेव्हा बाबांनी मला काढून पाहिलं आणि म्हणाले, "तेल काठोकाठ आहे. दोष गाडीत नाही, तुझ्या पायात आहे."

दुसऱ्या दिवसापासून चढावरची दोन घरं तिनं सोडून दिली. धडधाकट उजवा पायही आता दगा देतोय की काय, असं तिला वाटू लागलं होतं. मी नळीत चडफडत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि साक्षीला माझंच नाव पुढे केलं जात होतं.

मोठ्या गॅरेजनं सांगितलं, गिअरबॉक्स गेला, एवढ्या जुन्या गाडीचा आता मिळायचाही नाही, भंगारात द्या. बाबांनी मान डोलावली. मालकीण मात्र हट्टानं बाबांना घेऊन आणखी एका मिस्त्रीकडे गेली. म्हातारा माणूस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यानं बॉनेटला हात लावण्याआधी तिलाच विचारलं, केव्हा अडखळते, गार असताना की तापल्यावर, चढावर की सपाटीवर. वर्षभरात हे तिला कोणीच विचारलं नव्हतं.

मग तिला फेरी मारायला लावून त्यानं गाडी सपाट जागी उभी केली. ब्रेकवर पाय ठेवून एकेक गिअर टाकायला सांगितला, आणि इंजिन चालूच ठेवून मला बाहेर काढलं. बाबा घाईनं म्हणाले, आधी इंजिन बंद करा. मिस्त्री नुसता हसला. मी जवळजवळ कोरडी होते. तेल होतं ते टोकाला, नखाएवढं.

"ड्रायव्हरसाहेब, जरा वाचता का?" असं म्हणून त्यानं मला आणि आपला चष्मा बाबांच्या हातात दिला. बाबांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग मला न पुसताच मिस्त्रीच्या हातात परत दिलं.

गिअरबॉक्सचं तेल गार व्हायला रेडिएटरकडे नेणारा रबरी पाइप जोडाशी भेगाळला होता. तेल तापून दाब आला की थेंब थेंब वाटेवरच सांडायचं, म्हणून उभ्या गाडीखाली कधी डाग दिसला नाही. मिस्त्रीनं माझं टोक पांढऱ्या फडक्यावर टेकवलं. तेल तपकिरी झालं होतं, पण त्याला जळका वास नव्हता की त्यात धातूचा चुरा नव्हता. गिअरबॉक्स शाबूत आहे, नुसता उपाशी आहे बिचारा, असं तो म्हणाला. नवा पाइप, नवा फिल्टर, ताजं लाल तेल. तेही थोडं थोडं ओतत, दर वेळी मला विचारत.

त्या संध्याकाळी टाकीचा चढ गाडीनं एका दमात पार केला. बाबा शेजारी बसले होते. वर पोचल्यावर म्हणाले, "तुझ्या पायात दोष नव्हता. मलाच बघता येत नव्हतं." तिचे डोळे भरून आले. सोडलेल्या घरांपैकी एक तिथंच होतं. ती पट्ट्यांची पिशवी घेऊन उतरली आणि बाबा गाडीत वाट बघत बसून राहिले.

आता माझी कडी फिकी पडली आहे, अक्षरंही झिजत चालली आहेत. मागणं एकच, मला विचाराल तेव्हा गाडी चालू ठेवून विचारा. आमच्याकडे रविवारी आता दोघं लागतात. ती आत ब्रेकवर पाय ठेवून बसते, बाबा बॉनेटशी उभे राहतात. पण ते आधी तिला विचारतात, "या आठवड्यात कशी चालली गं?" तिचं सांगून होईपर्यंत ते माझ्या कडीला हात लावत नाहीत.