न खोललेलं इंजिन

जुनं इंजिन म्हणून मला हसू नका, मित्रांनो. हसायचंच असेल तर माझ्या मालकाला हसा. मी मोटारसायकलचं टू-स्ट्रोक इंजिन आहे आणि उधवा गावातल्या एका गॅरेजमागे गोणपाटावर पडून आहे. मालक डहाणूत गॉगल लावून मिरवतो. त्यापलीकडे त्याला काही येत नाही.

२०१५ साली हिरू मिस्त्रीने मला भंगारातून उचललं, घासलं, नवा पिस्टन बसवून उभं केलं. माझं काम एकच, ड्रॅग रेस. म्हणजे चारशे मीटर सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी, आधी पोचेल तो जिंकला. पंधरा-सोळा सेकंदांचा मामला! पण तेवढ्यात मला जेवढं पिळून काढतात, तेवढं बाजाराला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाला वर्षभरात कोणी पिळत नाही.

मालकाचं नाव दर्शन, एका साहेबांचा मुलगा. गाडी त्याची, पण बसायची हिरूची धाकटी बहीण नवशी. वजनाला हलकी, हाताला पक्की. रोज सकाळी ती पोलीस भरतीसाठी पळायची आणि रविवारी माझ्यावर बसायची. खाकी घालायचीच, हे तिने ठरवून टाकलं होतं. त्या घराची सगळी आशा तिच्या दोन पायांवर होती.

हिरूचा नियम होता. प्रत्येक धावेनंतर प्लग काढून बघायचा. पंचवीस धावा झाल्या की मला खोलायचं, पिस्टन हातात घ्यायचा, रिंगा बदलायच्या. तो नवशीला सांगायचा, "मोठ्या शर्यतींतली काही इंजिनं दर धावेनंतर खोलतात. आपलं पंचविसाव्याला तरी खोलायलाच पाहिजे." तसं वर्षभर चाललं आणि आम्ही जिंकत गेलो. दर्शन फोटोत पुढे उभा राहायचा.

मग कोण्या शहाण्याने त्याच्या डोक्यात भरवलं की खोललेल्या इंजिनाला बाजारात किंमत नसते. झालं! रोज चालवायच्या जुन्या गाडीबद्दल लोक असं बोलतात, हे खरं. पण मी काय दूध आणायला जात होतो? या अकलेच्या कांद्याला तेवढा फरक कळेना. भेटेल त्याला सांगायचा, "आपलं इंजिन खोललेलं नाही हां, एकदम कंपनी फिटिंग!" भंगारातून उचललेल्या मला म्हणे कंपनी फिटिंग! दसऱ्याला त्याने मला हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. रिंगा मात्र त्याच जुन्या.

२०१८चा जानेवारी. खोलल्याशिवाय माझ्या सत्तर धावा झाल्या होत्या. मी खडखडत होतो, धूर ओकत होतो. उधव्याच्या पुढे कारखान्यासाठी केलेला एक रस्ता होता. कारखाना आलाच नाही, तिथे शर्यत ठरली.

हिरू म्हणाला, "शेठ, आज नको. दोन दिवस द्या, खोलून बघतो."

"पुन्हा तेच? मीटर बघ! मागच्या वेळी खोललं त्यानंतर तीस किलोमीटरसुद्धा नाही चाललं. माझी मम्मी भाजीला जाऊन यापेक्षा जास्त चालवते."

"शेठ, ह्याचं किलोमीटरवर नसतं, धावांवर असतं. पिस्टन तापून आतच पकडला, म्हणजे अडकून बसला, तर मागचं चाक जाम होईल. वर माझी बहीण आहे."

दर्शन नवशीकडे वळला. "तू बस गं. पप्पांना सांगतो तुझ्या भरतीचं. साहेब लोकांत ओळख आहे त्यांची."

पप्पांना भरतीतलं कुत्रंही विचारत नव्हतं. पण नवशीने भावाकडे पाहिलं, आणि हिरू मान खाली घालून हातातला पाना पुसत बसला. त्याचाही मला राग आहे. सगळं माहीत असलेला माणूस अशा वेळी गप्प का बसतो?

नवशी बसली. अर्ध्या रस्त्यात माझा पिस्टन पकडला आणि चाक जाम झालं. क्लचवर तिची बोटं होती, तिने लगेच दाबलाही. जीव वाचला तो त्यामुळेच. पण गाडी आडवी झाली आणि तिचा उजवा गुडघा खाली सापडला.

दर्शन धावत आला. आधी टाकीवरचा ओरखडा बघितला. शपथेवर सांगतो, आधी टाकी!

दोन महिन्यांनी नवशी कुबडी घेऊन गॅरेजात आली. दर्शन तिथेच होता. म्हणाला, "तुझ्यामुळे आता खोलावं लागतंय बघ. भाव गेला इंजिनाचा."

नवशी शांतपणे म्हणाली, "तुम्ही हे वेळेवर खोललं नाही, म्हणून डॉक्टरांना माझा गुडघा खोलावा लागला. आता माझा भाव काय, ते सांगा."

दर्शन गॉगल लावून निघून गेला. हिरूने मला गाडीतून काढलं, आणि त्यानंतर ड्रॅग रेसच्या गाडीला हात लावला नाही. भरतीच्या दिवशी नवशीबरोबर पळणाऱ्या मुली मैदानात होत्या. ती घरी खाटेवर पाय लांब करून बसली होती.

मित्रांनो, यंत्रांवर दया करा म्हणून मी गळा काढणार नाही. मी मोडलो तर भंगारात जाईन, तिथूनच आलो होतो. पण आमच्यावर माणूस बसवता ना? मग त्या माणसासाठी तरी आम्हाला वेळेवर खोला. आणि स्वतः बसायची हिंमत नसेल, तर दुसऱ्याच्या बहिणीला बसवू नका.