समीकरणाचा उंबरा

भिंगरीचा पाय काही ठरत नव्हता. खिडकीपाशी जायची, उगाच पडदा सारखा करायची, परत येऊन आईच्या खांद्यावरून वहीत डोकवायची. अगं बाई, बस की जरा, परीक्षा उद्या माझी आहे, असं आईने दोनदा सांगून पाहिलं. मग भिंगरी बसली आणि पेन्सिलीला टोक काढू लागली. टोक आधीच सुईसारखं होतं.

आई दवाखान्यात आया होती. बिछाने बदलण्यात, आजाऱ्यांना टेकवून बसवण्यात तिची निम्मी उमर गेली. दहावीचं गणित तेवढं राहिलं होतं. ते सुटलं की परिचारिकेच्या शिक्षणाला परगावी जायचं, वसतिगृहात राहायचं. भिंगरीने तोवर मावशीकडे. मावशीचं घर काही वाईट नव्हतं. त्या घरात आई नव्हती, एवढंच.

आणि आईला शिकवत होती ती नववीतली भिंगरीच. आईची वाट ती आपल्याच हाताने झाडून देत होती. आईच्या डोक्यात नियम टिकत नसे, गाणं टिके. म्हणून भिंगरीने ओव्या रचल्या होत्या. बरोबरच्या चिन्हाला दोघी उंबराच म्हणत.

उंबरा ओलांडून गेला,
उणा होता, अधिक झाला.

चादरींच्या घड्या घालताना आई ही ओवी गुणगुणायची, आणि आजारी माणसं विचारायची, हा कुठला देव?

आजचं गणित आयताचं होतं. लांबी रुंदीच्या दुपटीहून तीनने कमी, परिमिती तीस. दोन्ही बाजू काढा. आईने रुंदी क्ष मानली, लांबी दोन क्ष उणे तीन. बेरीज तीन क्ष उणे तीन. तिची दुप्पट सहा क्ष उणे सहा, बरोबर तीस. इथवर पेन सरळ चाललं. मग ते उणे सहा उंबऱ्यापलीकडे गेले, आणि गेले ते उणेच राहिले. सहा क्ष बरोबर चोवीस. क्ष बरोबर चार.

भिंगरीला ते लगेच दिसलं. तिने पेन्सिलीचं टोक पुन्हा काढायला घेतलं.

"कसा निःशेष भाग गेला," आई खुशीत म्हणाली. "जमलं ना, मास्तरीणबाई?"

"हं," भिंगरी म्हणाली.

पण ताळा करायची सवयही तिनेच लावली होती. रुंदी चार, लांबी पाच, परिमिती अठरा. कुठे तीस, कुठे अठरा. आईने पुन्हा केलं, पुन्हा अठराच. ओळींवरून बोट फिरवलं, घाईघाईने, जणू सुई हरवली होती. मग पेनला टोपण लावलं.

"माझं डोकं म्हणजे पालथा घडा. उद्या जातच नाही मी."

उद्यासाठी इस्त्री करून ठेवलेले कपडे उचलून ती कपाटात ठेवू लागली. भिंगरीला हवं होतं ते आयतं पदरात पडलं होतं. फक्त आईची पाठ दिसत होती, आणि ती कधी नव्हे इतकी वाकलेली होती.

भिंगरी खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "उंबरा ओलांडून गेला..."

आईचे हात थांबले. "उणा होता," ती म्हणाली, आणि कपडे तसेच खांद्यावर टाकून वहीपाशी आली. उभ्यानेच खोडलं. छत्तीस. सहा. लांबी नऊ. नऊ नि सहा पंधरा, दुप्पट तीस.

"तुला कधी दिसलं होतं?"

"तू लिहिलंस तेव्हाच."

आई रागावली नाही. खांद्यावरचे कपडे तिने टेबलाच्या कडेला नीट ठेवले.

"तू पास झालीस की जाशील," भिंगरी म्हणाली.

"जाईन," आई म्हणाली. "टाकून नाही जात, मावशीकडे ठेवून जाते. चल, पुढचं वाच."

भिंगरी वाचू लागली. टेबलाखाली तिचा पाय हलतच होता. आईने त्यावर आपला पाय ठेवला. तरी तो हलत राहिला, आणि त्याच्याबरोबर आईचाही.